पलीकडचं वजन

फिजिक्सच्या बाई लिफ्टला घाबरतात, हे इमारतीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. राहायला सहाव्या मजल्यावर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, खांद्याला शाळेची जड पिशवी, तरी बाई जिन्यानंच. मधल्या मजल्यावर दम खायला थांबल्या की शेजारून लिफ्ट खडखडत वर जायची आणि आतून सातव्या मजल्यावरचे टेलरकाका हाक मारायचे, "बाई, या की! विज्ञानावर तुमचाच विश्वास नाही होय?" बाई हसून हात हलवायच्या आणि कठड्याला धरून पुढची पायरी चढायच्या.

गंमत अशी, की वर्गात लिफ्ट हा त्यांचा हातखंडा विषय. गुरुत्व आणि त्वरणाचा धडा आला की फळ्यावर एक मोठा चौकोन यायचा, चौकोनात वजनकाटा आणि काट्यावर गोल डोक्याचा, काडीसारख्या हातापायांचा एक बिचारा माणूस. लिफ्ट वर निघाली की काटा जास्त वजन दाखवतो, खाली निघाली की कमी. "आणि दोर तुटला तर?" बाई विचारायच्या. शून्य. माणूसही पडतोय, काटाही पडतोय, मग कोण कुणाला दाबणार? मागच्या बाकावरून कुणीतरी ठरलेला विनोद करायचाच, "बाई, मग डाएट कशाला करायचं?" वर्ग खिदळायचा, बाईही हसायच्या. पण त्यांच्या हातातला खडू तोवर घामानं ओला झालेला असायचा.

ही भीती कुठून आली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. लहानपणी त्या कुठून पडल्या नव्हत्या, कुणाला पडताना त्यांनी पाहिलं नव्हतं. भीतीला काही कारण लागतंच असं नाही. ती आपली येते आणि पाय पसरून बसते. ज्याची भीती वाटते त्याचं गणित मांडता आलं तर ती कमी होईल, अशा भाबड्या आशेनं त्यांनी हा विषय घेतला होता. भीती तसूभरही कमी झाली नाही. फरक एवढाच पडला, की सहाव्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीवर किती वेगानं आपटेल हे आता त्यांना तोंडपाठ होतं.

पुढचा धडा कप्पीचा. तो बाईंना फार आवडायचा, कारण त्यात कुणी पडून मरत नसे. लाकडी स्टँडवर एक कप्पी, तिच्यावरून दोरी आणि दोरीच्या दोन टोकांना दोन डबे. दोन्हीकडे सारखे खडे टाकले की डबे जागच्या जागी लटकत राहायचे. एका डब्यात एक खडा जास्त पडला की तो हळूच खाली निघायचा, दुसरा वर. चार खडे जास्त टाकले की सरसर. "फरक जेवढा, घाई तेवढी," बाई म्हणायच्या. त्वरण हा शब्द मुलांच्या गळी उतरत नसे म्हणून त्यांनी घाई हा शब्द शोधला होता. वेग म्हणजे आत्ता किती पळतोस ते. त्वरण म्हणजे क्षणाक्षणाला तुझी घाई किती वाढतेय ते. लिफ्टचा धडा आणि कप्पीचा धडा त्यांनी इतकी वर्षं एकापाठोपाठ एक शिकवला. पण लिफ्टच्या दोरालाही दुसरं टोक असतं, असा विचार कधी त्यांच्या डोक्यात आला नाही. भीती सगळी खाली बघत होती, वर बघायला तिला फुरसत कुठली!

बाईंच्या सासऱ्यांचं उजवं अंग वर्षभरापूर्वी लुळं पडलं होतं. जीभही जड झालेली. एके काळी त्यांच्या तोंडाचा पट्टा घरात सगळ्यांत जोरात चालायचा. आता दिवसाकाठी चार शब्द निघाले तरी नशीब. डॉक्टरकडे न्यायचं काम नवऱ्याचं. तो बाबांना चाकांच्या खुर्चीतून लिफ्टनं उतरवायचा आणि बाई जिन्यानं खाली जाऊन दोघांची वाट बघायच्या. त्या दुपारी मात्र नवरा कामात अडकला. "तू बाबांना खाली आण, मी थेट दवाखान्यात पोहोचतो," असं फोनवर सांगून मोकळा झाला. आणायचं कसं, हे त्यानं विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. बाबांना कळलं असावं. खुर्चीत बसता बसता त्यांनी डाव्या हातानं सुनेचं मनगट थोपटलं.

लिफ्ट जुनी, जाळीची. वरून आली तेव्हा आत टेलरकाका आणि टेलरकाकू होते. जेवणं उरकून दोघं तळमजल्यावरच्या दुकानात निघाले होते. दोघंही अंगानं चांगली भरलेली. आम्ही दोघं चढलो की लिफ्ट आधी अगं आई म्हणते, हा विनोद स्वतः काकाच करायचे आणि काकू दरवेळी तोंड फिरवायच्या. बाई आत शिरताना बघून काकांनी डोळे मोठे केले. "अरे वा! आज सूर्य कुठे उगवला?"

"गप्प बसा हो," काकू म्हणाल्या. "चेहरा बघा त्यांचा."

बाईंचा चेहरा खरोखर पांढराफटक पडला होता. त्यांनी खुर्चीचा ब्रेक लावला, एका हातानं खुर्ची धरली, दुसऱ्या हातानं जाळी, आणि डोळे मिटले. लिफ्ट निघाली. खाली निघाली की काटा कमी दाखवतो, त्यांनी मनाशी म्हटलं. पाचवा मजला गेला. चौथा गेला. आणि दिवा विझला, खाडकन आवाज झाला, सगळे खाली दबले आणि लिफ्ट थांबली.

"लाईट गेली," काका म्हणाले. "येईल."

जाळीतून उजेड येत होता. चौथ्या मजल्याची फरशी बाईंच्या कमरेच्या उंचीला होती. तिथं वाळत घातलेली पायपुसणी आणि कुणाच्या तरी चपला दिसत होत्या. कोपऱ्यात लिफ्टमनच्या काळातलं एक स्टूल होतं, त्यावर काकू टेकल्या. मग वरून आवाज आला. लोखंडावर काहीतरी घासत होतं, लांबट, कण्हल्यासारखं. बाईंनी चपलांकडे बघितलं. चपला हळूहळू वर चालल्या होत्या.

म्हणजे त्या स्वतः खाली चालल्या होत्या.

"सरकतेय," काकू कुजबुजल्या आणि पुढच्या क्षणाला ओरडल्या, "अहो, लिफ्ट सरकतेय!"

त्या ओरडण्यानं चौथा मजला गोळा झाला. वॉचमन धावत आला, त्यानं किल्लीनं बाहेरची जाळी उघडली, काकांनी आतली सरकवली. फरशी आता बाईंच्या छातीशी आली होती. बाहेरून एकच गिल्ला, "वजन कमी करा! बाहेर या, एकेक जण बाहेर या!" काका दाराशी होते. त्यांनी स्टुलावर पाय दिला, बाहेरच्यांनी काखेत हात घातले आणि ओढत, खरचटत, शर्टाची बटणं तोडत त्यांना वर घेतलं. त्यांचे पाय फरशीवर गेले आणि घासल्याचा आवाज बंद झाला. लिफ्ट थांबली.

"बघा!" काका धापा टाकत म्हणाले. "वजन कमी झालं, थांबली. आता तू ये. मग बाई. बाबांना आम्ही सगळे मिळून उचलतो."

सगळ्यांना हायसं वाटलं. बाईंनाही वाटलं. डोक्यात एकच गोष्ट होती: काकूंनंतर आपण. काकू स्टुलावर चढायला लागल्या. कुठेतरी बघायचं म्हणून बाईंनी बाजूच्या जाळीबाहेर बघितलं.

तिथं, हातभर अंतरावर, लोखंडी लाद्यांची एक चळत दोराला लटकत होती. काळी, ग्रीसनं माखलेली, माणसाएवढी उंच. बाई बघत राहिल्या. लिफ्टचाच दोर वर जाऊन चाकावरून फिरून खाली आला होता आणि त्याच्या टोकाला हे लटकत होतं. दोन डबे आणि एक कप्पी. काका आत होते तेव्हा आपला डबा जड होता, म्हणून आपण खाली. काका गेले आणि आपण थांबलो. म्हणजे आत्ता दोन्ही डब्यांत खडे सारखे आहेत.

काकूंनी एक गुडघा बाहेरच्या फरशीवर टेकला, अंगाचा भार तिकडे दिला, आणि लाद्या हलल्या. बोटभर खाली गेल्या.

"काकू, थांबा!" त्यांनी काकूंचा पदर, दंड, हाताला लागेल ते धरलं आणि मागे ओढलं. काकू धपकन स्टुलावर बसल्या. लाद्या थांबल्या.

"अहो, वेड लागलं का?"

"बाहेर जाऊ नका. तुम्ही गेलात तर लिफ्ट वर जाईल."

बाहेर कुणीतरी हसलंसुद्धा. "वर? बाई, लिफ्ट पडते खाली. वर कशी पडेल?"

"पडेल. ते बघा, ते वजन." बाईंची बोबडी वळत होती. वर्गात घडाघडा सुटणारी वाक्यं आता एकेक करून ओढून काढावी लागत होती. "आत्ता ते आणि आपण बरोबरीत आहोत. तुम्ही गेलात की ते जड होईल. ते खाली, आम्ही वर. मग मी गेले की आणखी जोरात. आणि बाबांना उचलायला कुणी वाकलेलं असेल तर दाराच्या वरच्या कडेत सापडेल. मेकॅनिक येऊ दे. तोवर कुणीही हलू नका."

"ब्रेक असतो ना लिफ्टला!" काका ओरडले.

"ब्रेक धरत नाहीये, म्हणून तर खाली आलो."

मग काकू बोलल्या, आणि त्यांचा आवाज थंड होता. "तुमच्या म्हाताऱ्याला बाहेर निघता येत नाही म्हणून मला अडकवून ठेवताय, बाई. मला लेकरंबाळं आहेत."

बाईंनाही नेमकी तीच शंका आली होती. फळ्यावर उत्तर चुकलं तर डस्टर होतं. इथं लाद्या बोटभर हलल्या, की आपल्याला भास झाला? आपण या बाईला खरंच वाचवतोय, की एकटीनं या पिंजऱ्यात राहायची भीती वाटते म्हणून धरून ठेवलंय? बाबा त्यांच्याकडे बघत होते. दंडावरची पकड थोडी सैल झाली असावी. काकूंनी हिसडा दिला, स्टुलावर चढल्या, काकांनी आणि आणखी दोघांनी त्यांना ओढलं आणि त्या पोटावर सरपटत बाहेर गेल्या.

लाद्या खाली निघाल्या.

आता हा भास नव्हता. वरचं घासणं पुन्हा सुरू झालं आणि बाईंना ते आधी गुडघ्यांत कळलं. फरशी तळपायांना दाबत होती. वर निघाली की काटा जास्त दाखवतो. चौथ्या मजल्याची फरशी छातीवरून कमरेला आली, कमरेवरून मांडीला. घाई वाढत होती, अगदी थोडी थोडी, पण वाढत होती, आणि ती कुठवर वाढत जाणार हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या बाईंना माहीत होतं. वर तीन मजले आणि त्यानंतर छत.

मग लिफ्टची फरशी आणि बाहेरची फरशी एका पातळीत आली. दार सताड उघडं. एक पाऊल. नुसतं एक पाऊल टाकलं की खाली पक्की जमीन. खुर्चीचा ब्रेक काढून ती फिरवून बाहेर ढकलायला वेळ नव्हता, आणि एकट्या बाईंना मात्र पुरेसा वेळ होता. "या, बाई, या!" काकांनी हात पुढे केला.

"जा," बाबा म्हणाले. वर्षभरात त्यांच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द निघाला नव्हता. "सूनबाई, जा."

बाई गेल्या नाहीत. जाळी धरून तशाच उभ्या राहिल्या आणि पातळी निघून गेली. बाहेरची फरशी आता त्यांच्या घोट्याखाली होती, मग वीतभर खाली, आणि दोन्ही फरश्यांच्या मधे काळी फट उघडत चालली होती. बाईंनी डोळे मिटले. आता छताशी आपटेपर्यंत ते उघडायचे नाहीत, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

धाडकन काहीतरी आदळलं. लिफ्ट गदगदा हलली.

डोळे उघडले तर काकू. कमरेपर्यंत आत, पालथ्या, खुर्चीचं चाक दोन्ही हातांनी धरलेलं, आणि पाय बाहेर हवेत. "ढकला!" त्या खालून किंचाळत होत्या, "अहो, बघत काय बसलात, ढकला मला!" काकांनी त्यांचे पाय उचलले आणि जिवाच्या आकांतानं आत लोटले. बाई खाली बसल्या, काकूंच्या ब्लाउजला धरून त्यांनी त्यांना ओढलं. काकूंचं सगळं वजन आत आलं. घासण्याचा आवाज मंद झाला, आणखी मंद झाला, आणि बंद पडला.

दोघी लिफ्टच्या फरशीवर एकमेकींना धरून बसल्या. लाद्या जाळीपलीकडे लटकत होत्या. कुणी जोरात श्वास घ्यायलाही धजत नव्हतं.

"आता?" काकूंनी ओठ न हलवता विचारलं.

"आता हलायचं नाही."

"खोकला आला तर?"

"खोका. खोकल्यानं वजन कमी होत नाही."

काकूंना हसू आलं की रडू, ते कळलं नाही. त्यांचं सगळं अंग हलत होतं आणि त्याबरोबर बाईंचंही. मेकॅनिक यायला किती वेळ लागला, हे पुढे प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. बाईंना तो वेळ मोजताच आला नाही. त्या पूर्ण वेळ लाद्यांची खालची कड आणि जाळीतली एक वाकलेली तार बघत होत्या. कड तारेच्या खाली जातेय का, एवढंच. वर्गात मुलं कंटाळून खिडकीबाहेर बघतात तेव्हा त्या रागवायच्या. इथं नजर हलवायचंही त्यांना भय वाटत होतं. बाबांचा डावा हात त्यांच्या डोक्यावर होता.

शेवटी गच्चीवरच्या खोलीतून ठोकाठोकीचा आवाज आला. मेकॅनिकनं चाक हातानं फिरवत लिफ्ट इंचाइंचानं खाली घेतली, चौथ्या मजल्याशी लावली आणि दोर आवळून पक्के बांधले. ब्रेकचं अस्तर झिजून गुळगुळीत झालं होतं, असं तो नंतर म्हणाला. आणि वजन वाढवायला माणूस परत आत गेल्याचं त्यानं आजवर कधी ऐकलं नव्हतं. "या आता बाहेर, काही होत नाही," तो म्हणाला. तिघंही जागची हलली नाहीत. त्यानं स्वतः आत येऊन, उड्या मारून दाखवल्यावर बाबांची खुर्ची बाहेर निघाली, मग काकू, आणि काकूंचा हात धरून बाई.

बाहेर आल्यावर बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. कुणी पाणी आणलं. कौतुकाला नुसता ऊत आला होता. सून असावी तर अशी, म्हाताऱ्याला सोडून गेली नाही, स्वतःच्या जिवाची पर्वा केली नाही, असं जो तो म्हणत होता. टेलरकाका तर डोळे पुसत होते. बाई पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून ऐकत होत्या आणि त्यांना शरमेनं कुठे तोंड लपवावं कळत नव्हतं. गर्दी जरा पांगली तशा त्या शेजारी बसलेल्या काकूंकडे वळल्या. काकूंचं कोपर सोलून निघालं होतं.

"काकू, हे खोटं आहे हो. मी थांबले नाही. माझा पायच उचलला नाही. दार समोर होतं, बाबा जा म्हणत होते, माझ्या मनात जायचं होतं, खरंच होतं, आणि पाय हलेना. घाबरून राहिले मी. तुम्ही मात्र परत आलात. सुटला होतात, तरी आलात."

काकूंनी कोपरावर फुंकर घातली. "मी काय शूर म्हणून आले होय? बाहेर उभी राहिले आणि ते लोखंड खाली निघालेलं दिसलं. तुम्ही सांगितलं होतं तस्संच. म्हटलं, म्हणजे हे मी केलं. मग तुम्ही दोघं वर निघालात. ते बघत उभं राहायची जास्त भीती वाटली, बाई. आत निदान डोळे तरी मिटता येत होते."

दवाखान्यातून नवऱ्याचा फोनवर फोन येत होता, डॉक्टरांची वेळ टळून गेली होती, पण बाबांना एकदा दाखवून आणायला हवं होतं. चौघांनी खुर्ची उचलली आणि जिना उतरायला सुरुवात केली. बाई उठायला गेल्या तर गुडघ्यांनी ऐन वेळी दगा दिला. अर्धवट उठून त्या पुन्हा बसणार, तेवढ्यात काकूंनी आपला गुबगुबीत खांदा पुढे केला.

"घाला भार," त्या म्हणाल्या. "मी हलत नाही."